तरण्या कोंबड्याला माणसांत वागायला लावताना

ज्या घरी चार-दोन गावठी कोंबड्या आहेत त्या घरी एखादा कोंबडाही असतोच, आणि त्या कोंबड्याने घरातील एखाद्या लहान मुलाला अंगणभर पळवल्याची गोष्टही असते. मोठी माणसे ती हसत हसत सांगतात. आम्हांस मात्र त्यात हसण्याजोगे फार काही दिसत नाही. कोंबडा उडी घेऊन पाय पुढे झाडतो तेव्हा त्याच्या नख्या तीन-चार वर्षांच्या मुलाच्या तोंडापर्यंत सहज पोहोचतात. मोठ्या माणसाच्या पोटरीवर ओरखडा येतो, तीच उडी लहानाच्या डोळ्यावर येते. पुढे काय होते तेही ठरलेलेच. बाप संतापून काठी घेतो, कोंबडा आणखी चवताळतो, आणि महिनाभरात एक चांगला धडधाकट कोंबडा अवेळी चुलीवर चढतो. मुलाच्या मनात बसलेली भीती मात्र तशीच राहते.

हे टाळता येते. त्यासाठी कोंबडा सहा महिन्यांचा होऊन अंगावर येऊ लागेपर्यंत थांबून चालत नाही. तो पिलू असतो तेव्हापासूनच थोडे लक्ष द्यावे लागते, आणि ते लक्ष बहुतेक घरांत दिले जाते त्याच्या अगदी उलट प्रकारचे असावे लागते.

बहुतेक घरांत काय होते ते पाहू. खुडुक कोंबडीखालची अंडी फुटतात, त्यात एक पिलू मागे राहते किंवा आईपासून चुकते. मुले त्याला घरात आणतात, खोक्यात चिंध्या घालून ठेवतात, हातावर घेऊन भाताची शिते भरवतात. ते पिलू मुलांच्या मागे मागे घरभर फिरते, मांडीवर येऊन झोपते. सगळ्यांना कौतुक वाटते. पुढे तुरा लाल होतो, पिलू नर निघते आणि पहिल्यांदा बेसूर आरवते तेव्हाही कौतुकच होते. मग एके दिवशी हाच लाडका कोंबडा ज्याने त्याला वाढवले त्याच मुलाच्या पायांवर झडप घालतो. मूल रडते, आई म्हणते, "एवढा जीव लावला आणि हा उलटला." कोंबडा कृतघ्न झाला असे सर्वांस वाटते.

तो कृतघ्न झालेला नाही. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलते-चालते समोर दिसेल त्याला आपले मानते. कॉन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हंसाच्या पिलांवर पाहून ही गोष्ट जगापुढे मांडली. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी १९७३ साली त्याला इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. एकटे, माणसांतच वाढलेले नर पिलू माणसालाच आपल्या जातीचे समजते. कोंबड्यांची शिस्त त्याला कोणी शिकवलेली नसते. चार-पाच महिन्यांचा होऊन त्याच्या अंगात नराचे रक्त खेळू लागले की तो इतर कोंबड्यांशी जे करायचे ते माणसांशी करू लागतो. कोण वरचढ, कोण दुबळा, याची तो परीक्षा घेतो. रानातल्या पाखराला माणसाची जी उपजत धास्ती असते ती आपण लाडाने पुसून टाकलेली असते, आणि तिच्या जागी दुसरे काहीच ठेवलेले नसते.

कोंबड्यांत मानपानाची उतरंड असते हे ज्याने खुराडे उघडताना पाहिले आहे त्याला सांगायला नको. नॉर्वेचा श्येल्डेरूप-एबे याने १९२० च्या दशकाच्या आरंभी हे शास्त्राच्या भाषेत लिहिले. कोणती कोंबडी कोणाला चोच मारते आणि कोणाची चोच मुकाट सोसते याचा क्रम कळपात पक्का ठरलेला असतो. एकदा तो ठरला की भांडणे थांबतात. म्हणजे ही उतरंड शांततेसाठीच असते. तरण्या कोंबड्याला या उतरंडीत आपली जागा कळली पाहिजे, आणि माणूस हा त्या उतरंडीतला नाहीच, तो तिच्या बाहेरचा आहे, हेही कळले पाहिजे. सगळी मेहनत एवढ्यासाठीच आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही की नर पिलाला एकटे वाढवू नये. आईखाली वाढलेले पिलू सर्वांत उत्तम. खुडुक कोंबडी त्याला टोचून, हाकलून, दाण्यावरून मागे सारून जे शिकवते ते आपल्याला शिकवता येत नाही. यंत्रात उबवलेली पिले आणली असतील तर ती निदान आठ-दहा एकत्र ठेवावीत. पिसे भरून अंगाने सावरली, दोनेक महिन्यांची झाली, की जाणत्या कोंबड्यांच्या शेजारी जाळी लावून काही दिवस ठेवावीत आणि मग हळूहळू मिसळू द्यावीत. घरात एखादा वयस्क, शांत कोंबडा असेल तर त्याला घाईने कापू नये. तरणा कोंबडा माजाने कोंबड्यांच्या मागे लागला की हा म्हातारा नुसता दोन पावले पुढे येतो आणि तरणा बाजूला होतो. शेळीच्या कळपात म्हातारा बोकड असला की जे होते तेच येथे होते. जाणत्या कोंबड्याही कमी नसतात. चार महिन्यांच्या पोराला त्या चांगलाच दम देतात, आणि तो द्यावा.

एकटे पडलेले पिलू घरात आणावेच लागले तर त्याला सोबती मिळवून द्यावा. शेजारी त्याच वयाची पिले असतील तर रात्रीच्या अंधारात ते त्यांच्या खुडुक कोंबडीखाली हळूच सरकवून पाहावे. पिले फार लहान, एक-दोन दिवसांची असतील तर ती बहुधा स्वीकारते. सकाळी मात्र लक्ष ठेवावे, कारण एखादी कोंबडी परके पिलू ओळखून टोचते.

आता प्रश्न येतो हाताळण्याचा. कोणी म्हणतात पिलाला रोज हातात घ्यावे, कोणी म्हणतात मुळीच शिवू नये. आमचे मत असे की तलंगांना कितीही हाताळा, त्याने बिघडत नाही, त्या माणसाळतात आणि अंड्यावर आल्यावर धरायला सोप्या जातात. नर पिलांना मात्र कामापुरते हाताळावे. पहिल्या आठवड्यात राणीखेतच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालताना त्यांना धरावेच लागते, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणीची लस देताना पुन्हा धरावे लागते. अधूनमधून वजन पाहायला, पिसवा पाहायला धरावे. असे धरताना घाई नको, आरडाओरडा नको, पाठलाग तर नकोच. माणसाच्या हातात गेले तर इजा होत नाही आणि सुटकाही होते, एवढे त्याला कळले म्हणजे पुरे. मांडीवर बसवणे, तोंडाशी तोंड लावणे, हातावर दाणे टोचायला देणे हे नराच्या बाबतीत तीन महिन्यांनंतर सोडून द्यावे. हातावर टोचण्याची सवय लागलेला कोंबडा पुढे हातालाच टोचतो.

दाणे द्यायचे ते जमिनीवर, कोंबड्यांच्या पुढे टाकावेत. चांगला कोंबडा काय करतो पाहा. तो दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि टुक-टुक असा आवाज करून कोंबड्यांना बोलावतो. स्वतः मागे राहून त्यांना खाऊ देतो. चार-पाच महिन्यांचा कोंबडा असे करू लागला तर तो ठेवण्याजोगा आहे असे समजावे. जो कोंबड्यांना ढकलून स्वतःच सगळे गिळतो, धावत जाऊन त्यांच्या मानेची पिसे उपटतो, त्याच्याकडून पुढे माणसांशी तरी नीट वागण्याची आशा कशाला धरावी?

अंगणातून चालण्याचीही एक रीत आहे. कळपातून जाताना आपण हळू, पण सरळ जावे. कोंबडा वाटेत असेल तर त्याला वळसा घालून जाऊ नये. त्याने बाजूला व्हावे. आपण वळसा घातला की त्याच्या हिशेबी आपण माघार घेतली, आणि अशा दहा माघारी झाल्या की अकराव्या वेळी तो पुढे येतो. याचा अर्थ त्याच्या अंगावर धावून जावे असा नव्हे. धावणे, पाय आपटणे, दगड मारणे ही सगळी त्याच्या दृष्टीने लढाईची भाषा आहे. म्हशीच्या गोठ्यात शिरताना आपण जसे सावकाश, पण न बिचकता जातो तसे कोंबड्यांतूनही जावे.

कोंबडा एकाएकी अंगावर येतो असे लोक म्हणतात. बहुधा तसे नसते. तो आधी सांगतो, आपण पाहत नाही. मानेची पिसे फुलवतो. एका डोळ्याने टक लावून पाहतो. दाणा नसतानाही जमिनीवर टोचल्यासारखे करीत तिरपा तिरपा आपल्याकडे सरकतो. एक पंख खाली पाडून आपल्या पायांभोवती अर्धा फेर धरतो. कोंबडीपुढे असा फेर धरला तर ते त्याचे लाडीगोडी लावणे होय, पण माणसापुढे धरला तर ती परीक्षेची सुरुवात समजावी. मग तो पाठ फिरलेली पाहून चपलेला किंवा लुगड्याच्या काठाला टोचतो. ही पहिली टोच पुष्कळदा खेळ म्हणून सोडली जाते. ती सोडू नये. सहा महिन्यांच्या कोंबड्याचा पायामागचा काटा अजून बोथट बोंडासारखा असतो, त्याने फारसे लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तोच काटा लांब आणि अणकुचीदार होतो. जे काय शिकवायचे ते बोंड आहे तोवर शिकवावे.

पहिली टोच बसली तर काय करावे? लाथ मारू नये, हे सर्वांत आधी. लाथ मारली की दुसऱ्या कोंबड्याने पाय झाडले असेच त्याला वाटते, आणि तो हरेपर्यंत किंवा मरेपर्यंत लढायला उभा राहतो. ती त्याची जातच आहे. पळूही नये. जागीच उभे राहावे, त्याच्याकडे तोंड करावे, आणि हातात सूप, पाटी किंवा टोपलीचे झाकण असेल ते त्याच्या व आपल्या पायांमध्ये आडवे धरावे. तो त्यावर दोन-तीन उड्या मारील. मारू द्यावे. सूप रागावत नाही, मागे सरत नाही, पुढे येऊन मारतही नाही, तेव्हा लढायला कोणी नाही असे पाहून तो दमतो. मग सूप पुढे धरून दोन पावले त्याच्या दिशेने टाकावीत. तो वळला आणि उगाच इकडेतिकडे टोचू लागला की आपण आपल्या कामाला लागावे. आठ-पंधरा दिवस रोज कोंबड्यांत जाताना सूप हाती ठेवावे.

एवढ्याने भागले नाही तर त्याला धरावे लागते. दिवसा पाठलाग करून धरणे चूक. कोंबड्यांना अंधारात दिसत नाही, म्हणून दिवेलागणीनंतर खुराड्यातून शांतपणे उचलावा. दोन्ही पंख अंगाशी मिटवून काखेत घ्यावा, छाती आपल्या हातावर टेकलेली, पाय बोटांत धरलेले. असा घेऊन दहा मिनिटे अंगणात फिरावे, शेजाऱ्याशी चार शब्द बोलावे. सुरुवातीला तो ताठ असतो. मग मान सैल पडते, डोळे अर्धे मिटतात. तो पूर्ण सैल झाल्यावरच खाली ठेवावा. धडपडत असताना सोडला तर धडपडून सुटका होते हाच धडा तो शिकतो. असे आठवडाभर रात्री केले की दिवसाही हे करता येते. कोणी कोणी त्याचे डोके हाताने खाली दाबून धरायला सांगतात, म्हणजे तो शरण आला. आम्हांस ते फारसे पटत नाही. काखेत सैल पडला तेवढे पुष्कळ आहे.

येथेच एक सांगून ठेवतो. आठवड्याच्या बाजारात कोंबडा पाय धरून उलटा लोंबकळत नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पाखरांना आपल्यासारखा छाती आणि पोट यांच्यामधला पडदा नसतो. उलटे धरले की पोटातला सगळा भार हवेच्या पिशव्यांवर येतो आणि श्वास घेणे जड जाते. उलटा धरलेला कोंबडा गप्प होतो तो शहाणा झाला म्हणून नव्हे, जीव घाबरा झाला म्हणून. अशा हाताची त्याला पुढे धास्ती बसते, आणि धास्तावलेला नर हाच पुष्कळदा अंगावर येणारा नर असतो. काखेत न्यायला वेळ तेवढाच लागतो.

मुलांना आवरणे हे कोंबड्याला आवरण्याहून कठीण, हे आम्ही जाणतो. पण कोंबडा बिघडतो तो निम्म्या वेळा मुलांच्या खेळामुळे. काठीने डिवचणे, आरसा दाखवून चिडवणे, शेपटी ओढून पळणे, दोन घरचे कोंबडे समोरासमोर आणून झुंजवणे. कोंबडी माणसे ओळखते, हे ध्यानात असू द्यावे. ज्या मुलाने छळले त्याला कोंबडा बरोबर लक्षात ठेवतो, मात्र त्याचा राग कधी कधी तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या निरपराध मुलावर निघतो. पाच वर्षांच्या आतील मुलाला मोकळ्या कोंबड्याजवळ एकटे सोडू नये, मग तो कोंबडा कितीही गरीब असो. मोठ्या मुलांना पळू नको, उभा राहा, हाक मार, एवढे शिकवावे.

कोंबड्यासमोर कोंबडी धरण्याची चूक मात्र मोठी माणसेच करतात. कोंबडी किंचाळते आणि कोंबडा झेपावतो. यात त्याचा दोष नाही, तो आपले कर्तव्य करतो आहे. आकाशात घार दिसली तर एक हाक आणि जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आले तर दुसरी हाक, अशा दोन वेगळ्या सूचना तो कोंबड्यांना देत असतो, आणि त्याच्या हाकेवर पिले झुडपाखाली पळतात. असा राखणदार घराला हवाच असतो. कोंबड्या धरायच्या त्या रात्री, खुराड्यातून धराव्यात, म्हणजे त्याच्याशी तंटा होत नाही.

जागा आणि संख्या यांकडेही पाहावे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण ठीक. चार कोंबड्यांत तीन कोंबडे ठेवले तर त्या कोंबड्यांच्या पाठीची पिसे जातात आणि कोंबडे सदा चिडलेले राहतात. नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नाही. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देते, त्यांतून पिले निघत नाहीत एवढेच. ज्या घरी रांगते मूल आहे आणि अंगण लहान आहे त्यांनी वर्ष-दोन वर्षे कोंबडा न ठेवता शेजाऱ्याच्या घरची फलित अंडी आणून बसवली तर काय बिघडते? ऋतूचेही असते. नाताळ सरला की दिवस हळूहळू मोठा होऊ लागतो, आणि वाढत्या उजेडाबरोबर नराचे अंग तापते. पावसाळ्यात शांत असलेला कोंबडा फाल्गुन-चैत्रात दांडगाई करू लागला तर नवल मानू नये, सूप पुन्हा हाती घ्यावे. एरवी शांत असलेला कोंबडा भलत्या वेळी चिडका झाला तर मात्र त्याच्या पंखांखाली पिसवा व गोचिड्या, पायाच्या तळव्याला गळू, असे काही दुखणे आहे का ते पाहावे.

स्वभाव रक्तातूनही उतरतो. स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठात लाल रानकोंबड्यांवर एक प्रयोग गेली काही वर्षे झाला. प्रत्येक पिढीत जी पाखरे माणसाला कमीत कमी बुजतात त्यांचीच पुढची पैदास करायची, एवढाच तो प्रयोग. थोड्याच पिढ्यांत त्यांच्या वागण्यात आणि अंगलटीतही फरक दिसू लागला. जे तेथे मोजून-मापून केले ते आपण परसात सहज करू शकतो. एका उबवणीत चार नर निघाले तर चारही आठव्या-दहाव्या आठवड्यापासून पाहत राहावे. माणूस आला की जो दचकून किंचाळत सुटतो तो नको, जो छाती काढून पुढे येतो तोही नको. जो मान वळवून पाहतो आणि सावकाश बाजूला होतो तो ठेवावा. एक जोडीला राखीव ठेवून उरलेले नाताळच्या किंवा फेस्ताच्या ताटात गेले तर त्यांचे चीजच झाले म्हणायचे. अंगावर येणाऱ्या कोंबड्याची अंडी बसवणे म्हणजे तेच दुखणे पुढच्या वर्षासाठी पेरून ठेवणे.

जातीवरून सरसकट निर्णय करू नये. असील ही झुंजीची जात म्हणून लोक तिला भितात. आंध्र, तेलंगण, छत्तीसगडकडची ही पाखरे आपसांत जिवावर उठतात खरी, पण माणसाच्या हातात पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतकी शांत असतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसाने त्यांना हाताळले आहे. हैदराबादच्या संशोधन केंद्राने काढलेली वनराजा किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा आता आपल्या खेड्यांतही पोहोचली आहे. त्यांचा कोंबडा गावठीपेक्षा पुष्कळ जड असतो, म्हणून तो तिखट निघाला तर मारही जड बसतो. त्यांची पिले बहुधा आईविना, यंत्रातलीच येतात, तेव्हा वर सांगितलेली सोबतीची गोष्ट त्यांच्या बाबतीत विसरू नये. खानापूरकडच्या रानातून करड्या रानकोंबडीची अंडी आणून घरी उबवण्याची हौस कोणी करीत असेल तर ती सोडावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, आणि ते पाखरू माणसाळतही नाही.

आता आरोग्याकडे वळू. कोंबड्याने ओरखडले किंवा टोचले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने दहा-पंधरा मिनिटे धुवावी. काट्याची जखम वरून एवढीशी दिसते पण आत खोल जाते, आणि खुराड्याची माती आत गेल्यावर धनुर्वाताचे भय असते. मुलाच्या सर्व लसी झाल्या आहेत का, १० व्या आणि १६ व्या वर्षीची टीडीची सुई राहिली का, ते पाहावे. मोठ्या माणसाने पाच वर्षांत धनुर्वाताची सुई घेतली नसेल तर दवाखान्यात जाऊन विचारावे. चुना, राख, शेण यांपैकी काही लावू नये. दोन दिवसांत लाली पसरली, ठणका वाढला, ताप आला तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. कुत्रा चावल्यावर देतात त्या सुयांची येथे गरज नाही. पिसाळण्याचा रोग सस्तन प्राण्यांचा आहे, कोंबड्यापासून तो होत नाही. डोळ्याला लागले असेल तर डोळा चोळू नये, दाबू नये, आईचे दूध किंवा घरात पडलेले कसलेही थेंब घालू नयेत. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्यावर स्पर्श न होईल असा झाकावा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. दिसते आहे ना, मग उद्या पाहू, असे म्हणण्याची ही जागा नव्हे.

आपल्या आया-आज्यांसाठी आणखी एक. चिखलात उभे राहून भाताची लावणी करणाऱ्या, जन्मभर उभ्याने कामे करणाऱ्या पुष्कळ बायकांच्या पोटऱ्यांवर निळ्या, फुगलेल्या, पिळाच्या शिरा दिसतात. अशा शिरेवर कोंबड्याची टोच बसली तर रक्त धारेने वाहू शकते. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेली एक बाई अंडी गोळा करायला गेली असता असाच प्रकार घडून रक्तस्रावाने दगावली. तेथील अ‍ॅडलेड विद्यापीठातील न्यायवैद्यक तज्ज्ञ रॉजर बायर्ड यांनी २०१९ साली ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात दिली. मृत्यू टाळणे कठीण नव्हते. असे झाले तर ताबडतोब आडवे पडावे, पाय उशीवर किंवा भिंतीला उंच टेकवावा, स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि दहा-पंधरा मिनिटे सोडू नये. तेवढ्यात हाक मारून कोणाला तरी बोलवावे आणि दवाखान्यात जावे. दोरीने पाय आवळू नये. ज्या बायकांना अशा शिरा आहेत त्यांनी खुराड्यात जाताना गमबूट घालावेत, किंवा ते काम घरातल्या दुसऱ्यावर सोपवावे. हात धुणे सर्वांनाच लागू आहे, विशेषतः पिलांशी खेळून तसेच जेवायला बसणाऱ्या मुलांना.

वयस्क कोंबड्याचा काटा फार वाढला असेल तर त्याचे नुसते टोक कानसीने घासून बोथट करता येते. काट्याच्या आत जिवंत गाभा असतो, मुळाशी कापला तर रक्त येते आणि कोंबडा कळवळतो. हाताला सवय नसेल त्याने पशुवैद्याकडून एकदा शिकून घ्यावे.

इतके करूनही एखादा कोंबडा सुधारत नाही. तीन-चार आठवडे शांतपणे, न चुकता प्रयत्न केला आणि तरीही तो मुलांवर किंवा म्हाताऱ्या माणसांवर जातो असे दिसले, तर त्याला ठेवू नये. त्याला कापून खाण्यात पाप नाही. पण असा कोंबडा काही न सांगता बाजारात शेजारच्या गावकऱ्याला विकणे, आणि त्याच्या घरी लहान मूल आहे हे माहीत असूनही विकणे, हा व्यवहार स्वच्छ नव्हे. झुंजी लावणाऱ्यांचे दलाल अशाच तिखट कोंबड्यांना चांगली किंमत देतात, तिकडेही देऊ नये. प्राण्यांना झुंजवणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पायाला सुरी बांधून मरायला पाठवण्यासाठी आपण ते पाखरू वाढवलेले नसते.

शांत कोंबड्याच्या बाबतीतही सणासुदीला एवढे करावे. नाताळात किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून पाहुण्यांची मुले येतात. त्यांना अंगणात कसे वागावे ते ठाऊक नसते, आणि कोंबड्याला ती माणसे ठाऊक नसतात. मुले पिलांच्या मागे धावतात, खुडुक कोंबडी ओरडते, आणि वर्षभर कोणाला न टोचलेला कोंबडा त्या दिवशी टोचतो. पाहुणे येण्याआधी त्याला दिवसापुरता डालीखाली किंवा जाळीच्या खुराड्यात सावलीत ठेवावा, आत पाण्याची वाटी आणि मूठभर भात टाकावा, सोबत एक-दोन कोंबड्या द्याव्यात म्हणजे तो आत धडका मारीत बसत नाही. डाल असेल तर वर दगड ठेवायला विसरू नये. संध्याकाळी मुले घरात गेली की सोडावा.